ढगावरचा पहारा

वांगणीत ढगाला शिव्या घालणारी बाई एकच, ती म्हणजे रंगू. बाकीचा पाडा उन्हाळा सरत आला की आभाळाकडे बघून बघून मान अवघडून घेतो. डोंगराच्या कडेवर एवढासा काळा ठिपका दिसला तरी आजारी म्हातारे उठून बसतात, बायांच्या बोलण्यात जीव येतो. आणि ही बाई त्याच ठिपक्याकडे बघून दातओठ खाते, पदर खोचते आणि पाड्यामागचा टेप चढायला लागते. टेप म्हणजे बोडकी टेकडी; वर ना झाड ना सावली. बाहेरचा माणूस म्हणेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पाड्यातले लोकही गेल्या वर्षापर्यंत तेच म्हणत होते, आणि त्यांचं फार चुकत होतं असंही नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

रंगू आधी अशी नव्हती. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची, बुटकी, काटक, कमी बोलणारी बाई. तिचा मान होता तो डवऱ्यावर. होळी झाली की विहीर तळाला जाते, नदीत नुसते धोंडे उरतात, मग बाया नदीच्या वाळूत हातभर खड्डा खणतात. तो डवरा. त्यात पाणी पाझरतं, वाटीने उपसायचं, थांबायचं, पुन्हा उपसायचं. किती वाट्यांनी थांबायचं आणि किती वेळ थांबायचं, हे रंगूइतकं कुणाला कळत नसे. नव्या सुना घाई करून गाळ उठवायच्या, तेव्हा ती शांतपणे सांगायची, "पानी थांबलं म्हंजे भरतंय. थांबल्या पान्यात बिनघोर हात घालायचा. हलतं तव्हा बघायचं." डोंगरातलं हे शहाणपण शंभर नंबरी खरं आहे. फक्त ते डोंगर उतरून बरोबर नेऊ नये, हे कुणी तिला सांगितलं नाही.

भात झोडून झालं, दिवाळी उरकली की वांगणीतली निम्मी घरं कड्या लावून कामाला जातात. कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. रंगू आणि तिचा नवरा जगन सहा वर्षं घाटापलीकडे जात होते, कोळशावर चालणाऱ्या एका वीज कारखान्याच्या पाण्यावर. कारखाना लांब, चार कोसांवर, त्याची धुराडी तेवढी दिसायची. यांचं काम नदीत. तिथे सिमेंटची गोल, अजस्र विहीर बांधली होती, शाळेच्या इमारतीएवढी. तिला जॅकवेल म्हणत. नदीचं पाणी विहिरीत घ्यायचं, तीन पंपांनी ओढायचं आणि नळाने कारखान्याला पाजायचं. विहिरीच्या तोंडाला लोखंडी जाळी. तिच्यात जलपर्णी, पिशव्या, मेलेली जनावरं अडकायची. ती काढायला मुकादमाची टोळी, आणि त्या टोळीत हे दोघं. जगन दोर कमरेला बांधून खाली उतरायचा, रंगू वरून घमेली ओढायची.

जाळीवर मासे यायचे ते तिला बघवत नसत. उपसलेल्या माशाची तडफड वेगळी. हे मासे जिवंत असून हलत नसत. पाण्याच्या ओढीने जाळीला चिकटलेले, तोंडं उघडी, सगळे एकाच दिशेला बघत. पंप बंद झाला की टपटप गळून पडायचे.

पहिली चार वर्षं पंप दिवसरात्र चालले. मग कारखान्याची दोन जुनी युनिटं बंद झाली. राखेचा जो माळ होता त्यावर काचेच्या निळ्या पाट्या मांडल्या, नजर पोचेल तिथवर. उन्हाची वीज आता दुपारी फुकट मिळणार, मग कोळसा कशाला जाळा? उरलेलं एक युनिट दुपारी मंद ठेवायचं आणि ऊन उतरलं की पुन्हा पेटवायचं. चांगलीच गोष्ट झाली, नदीला दुपारची उसंत मिळाली. पण नदीचा स्वभाव बदलला. दहा वाजले की तिन्ही पंप निजायचे आणि पाणी काचेसारखं उभं राहायचं. पाच वाजले की एकदम खाली बसायचं. काठचे दगड ओले उघडे पडायचे, खड्ड्यांत मासे अडकायचे. आणि कावळे. पंप सुरू व्हायच्या पाव तास आधी कावळे येऊन काठावर रांगेत बसायचे. त्यांना पंपाआधी वाजणारा भोंगा लागत नसे. रंगू जगनला म्हणाली, "देवाची नदी दिवेलागनीला खाली जात नाय. हिला कोन तरी पितंय." जगन हसला. म्हणाला, "पितंयच तर. त्याचीच तर मजुरी खातों आपुन."

त्यांचा पोरगा नितीन जव्हारला आयटीआय करत होता. त्याने सुट्टीत मोबाइलवर हिशोब मांडला होता, की कारखाना भरात असला तर तासाला पंधरा लाख लिटर पाणी ओढतो. वांगणीचा सगळा पाडा एवढं पाणी वर्षभर पुरवून पितो. रंगूला लाख कळत नव्हते, पण एक तास आणि एक वर्ष कळलं. त्या दिवसापासून तिला त्या विहिरीकडे पाठ करून बसता येईना.

मे महिन्यातला दिवस. ऊन असं की लोखंडाला हात लावला तर कातडी सुटावी. साडेअकराला पाणी निजलेलं होतं, जगन जाळीवर उतरला. तासाभराने सावली पडली. पाट्यांच्या माळावरून ती सरकत आली, एकेक ओळ विझवल्यासारखी काळी करत, आणि नदीवर आली. रंगूने वर बघितलं. ढग! दोघंही डोंगरातली माणसं. ढग बघून हरखणार नाहीत तर काय करतील? ती वरून ओरडली, "आता या वर, दोन घास खा." खालून जगन म्हणाला, "सावली आली हाये, एवढं उरकून घेतो."

सावली पडली म्हणजे पाट्यांची वीज घटली, आणि पाट्यांची घटली की कोळशाची चढवायची, म्हणजे पंप सुरू. हे तिथल्या साहेबांना ठाऊक होतं, कावळ्यांनाही थोड्या दिवसांत कळलं असतं. जगनला कुणी सांगितलं नव्हतं. पंपाचं बटणही विहिरीवर उरलं नव्हतं. दोन वर्षांत बंद व्हायच्या कारखान्यावर माणसं कशाला ठेवा, म्हणून ते चार कोसांवरच्या खोलीत नेलं होतं. उंटावरून शेळ्या हाकायचा कारभार. भोंगा वाजलाच नाही. घरघर सुरू झाली आणि थांबलेलं पाणी हललं.

रंगूने दोर ओढला. मुकादमाने ओढला. दोर ताठ झाला, पण माणूस येईना. जगन जाळीला लागला होता, माशासारखा. पाण्याच्या वर त्याचा एक हात होता. मुकादम फोनवर किंचाळत होता, आणि पलीकडचा माणूस सांगत होता, की वरून सांगितल्याशिवाय पंप बंद करता येत नाही, ढग आहे. रंगू पालथी पडून खाली वाकली आणि तिने तो हात धरला. आधी त्या हाताने तिचा हात घट्ट धरला होता. मग धरला नाही. तिने मान वर करून ढगाकडे बघितलं. तो सावकाश चालला होता, पाहुण्यासारखा, काही घाई नसलेला. तो पाट्यांवरून सरकला, ऊन पडलं, घरघर थांबली आणि जगन जाळीवरून सुटून तिच्या हाताला लोंबकळला.

मुकादमाने तिला टेंपोत बसवून वांगणीला पोचवलं आणि पाड्याला सांगितलं, पंप चुकून चालू झाला. रंगू म्हणाली, "ढगानं नेला." लोकांनी माना हलवल्या. दुःखात माणूस काहीही बोलतं.

एवढं होऊनही पुढच्या दिवाळीनंतर नितीन तिकडेच निघाला, तेव्हा रंगू दारात आडवी बसली. पण आयटीआयचा कागद घेऊन पोरगा सहा महिने जव्हारच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवत होता. तो म्हणाला, "आये, मी जाळीवर नाय जानार. पाइपचं काम हाये, वेल्डिंगवाल्याच्या हाताखाली. हात बसला का दुसरीकडं कुठंबी काम भेटल." शेजारच्या चैतीचा नवरा तुषार त्याच्याबरोबर होता. रंगूने विचारलं, "अन् ढग आला तर?" नितीनने पिशवी खांद्याला अडकवली. तोही मनातून मुकादमाचंच खरं धरत होता.

वांगणीत फोनला रेंज नाही. टेपावर, अगदी माथ्याच्या खडकाजवळ हात उंच धरला तर दोन काड्या येतात; एकदा लागला की फोन कानाशी घेतला तरी चालतो. रंगू आठवड्यातून एकदा चढायची. चैत्रात एकदा बोलताबोलता तिला पोराच्या आवाजामागे दुसरा आवाज ऐकू आला. घरघर. आणि पोराचा आवाज घुमत होता, विहिरीत बोलल्यासारखा.

"नितीन, तू कुठं हायेस?"

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "पाइपवर मान्सां जास्ती झाली. मला न तुषारला जाळीवर घातलंय. चैतीला नको सांगूस आये, तुषारनं आन घातलीय. ती खायची-प्यायची बंद होल."

त्या दिवशी सकाळी रंगूच्या डोक्यावरून एक ढग पूर्वेला गेला होता. दुपारी पुन्हा फोन लागला तेव्हा नितीन नवलाने सांगत होता, की इथे आत्ता आभाळ भरलं आणि अवेळी पंप सुरू झाला, बरं झालं आम्ही जेवत होतो. रंगू खडकावर बसून राहिली. इथून गेलेला ढग दोन-अडीच तासांनी तिथे पोचतो. दर वेळी पोचतो असं नाही. कुठला घाटात फाटतो, कुठला वाट सोडतो. दहांतले सहा पोचतात. पण ज्या बाईने एकाच ढगात नवरा घालवला, तिला सहा फार झाले.

तेव्हापासून ती ढगाच्या पहाऱ्यावर बसली. ढग दिसला की टेप, टेपावरून फोन, "निघाला रं, दोन तासांनी वर या." पोरगा आधी कंटाळला, मग दोनदा खरं ठरलेलं बघून गप्प झाला, आणि पुढे पुढे तिच्या फोनची वाट बघायला लागला.

खालून पाड्याला काय दिसत होतं? आभाळात ढग आला की विधवा बाई धावत टेकडीवर जाते, हात उंच करते, आभाळाकडे बघून ओरडते. आणि ढग न बरसता निघून जातो. वैशाख गेला, मृग लागला, भाताच्या रोपांसाठी राब भाजून तयार, नागलीचं बी धुळीत टाकलेलं. ढग रोज यायचे आणि रोज जायचे. आता कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, हे पाऊस पडल्यावर सुचतं. कोरड्या मृगात कुणाला सुचत नाही. आया पोरांना रंगूच्या वाटेतून बाजूला घ्यायला लागल्या. ती डवऱ्यावर आली की बोलणं थांबायचं. तिच्या दारात कुणी तरी राखेची रेघ ओढून गेलं.

तोंडाने सगळ्यांत पुढे चैती. चोवीस वर्षांची, नवरा परगावी, एकटीने राब भाजलेला. तिचं बी किडे खात होते. "काकी आमचा पाऊस हाकलते," ती उघड म्हणायची.

शेवटी पाड्याने भगताला बसवलं. बाबल्या भगत म्हातारा, डोळ्यांत फूल पडलेलं. गावदेवापुढे सुपात तांदूळ टाकून तो बराच वेळ बोटाने दाणे सरकवत राहिला. भर दुपारी पन्नास माणसं बसलेली आणि पान हलत नव्हतं.

"रंगे, टेपावर कोनाशी बोलतंस?"

"पोराशी."

"अन् हात कोनाला करतंस?"

"रेंजला."

दोघं-चौघं हसले आणि लगेच गप्प झाले. चैती उठली. "रोज काय बोलायचं असतं पोराशी? आमचा तुषार आठ आठ दिवस बोलत नाय. तोबी तिथंच हाये ना, पाइपवर?"

रंगूच्या जिभेवर आलं होतं. नुसतं एक वाक्य, आणि चैतीचं तोंड कायमचं बंद झालं असतं. पण तिने तुषारची आण पाळली होती, आणि तुषार होळीला येऊन गेल्यापासून चैतीला दिवस होते, चौथा महिना चालू होता. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

बाबल्याने सूप बाजूला ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, "पाऊस पडस्तोवर टेप चढायचा नाय. चढलीस तर डवऱ्याचं पानी बंद."

दोन दिवस आभाळ कोरडं होतं, म्हणून निभावलं. तिसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला बाया डवऱ्यावर असताना समुद्राकडून ढग आला. मोठा, खाली उतरलेला, भरभर चालणारा. वाळू काळी पडली. बाया आनंदाने ओरडल्या, मग सगळ्यांनी एकदम रंगूकडे बघितलं. रंगू उठली नाही. तिने वाटी डवऱ्यात घातली. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, पण डवरा किती वेळात भरतो हे तिला ठाऊक होतं. एकदा भरला, उपसला. ढग आता जव्हारवर असेल. दुसऱ्यांदा भरला. मोखाड्यावर. तिसऱ्यांदा. घाट चढला असेल. प्रत्येक वेळी पाणी थांबलं की तिला त्या थांबलेल्या पाण्यात वर आलेला एक हात दिसत होता, आणि तो जगनचा की नितीनचा ते कळत नव्हतं. चौथ्यांदा डवरा भरेपर्यंत तिला बसवलं नाही. तिने वाटी वाळूत टाकली आणि ती सुटली.

"काकी चढली!" चैती ओरडली आणि पाचसहा जणींना घेऊन मागे लागली.

रंगूने माथ्यावर पोचून हात उंच केला. दोन काड्या. फोन नितीनने उचलला. ती खडकाला टेकली. तिचा पोरगा फोनवर होता, म्हणजे पाण्यात नव्हता.

"आये, दोन दिस कुठं होतीस? मी वर हाये, दोरावर. आताच सावली पडली बघ इथं."

"खाली कोन?"

"तुषार. हाक मारली त्याला. म्हनतो, सावली आली हाये, एवढं उरकून घेतो."

रंगू जी ओरडली ते खाली बाबल्याच्या अंगणात ऐकू गेलं. "काढ त्याला! नितीन, तुषारला काढ! फोन टाक न दोर ओढ!"

चैती माथ्यावर पोचली होती. रंगूचा हात धरायला तिने हात उचलला होता, तो तसाच राहिला. "तुषारचं काय? तो पाइपवर हाये."

 रंगूने फोन चैतीच्या कानाला लावला.

पलीकडे कुणी तरी ओरडत होतं, विहिरीत घुमत होतं. दोर घासत होता. मग एक आवाज सुरू झाला, आधी पोटात गुरगुरल्यासारखा, मग चढत चढत सगळं व्यापणारा. चैतीने तो कधी ऐकला नव्हता. तिने घाबरून रंगूकडे बघितलं आणि रंगूच्या तोंडावरून तिला कळलं की हा कसला आवाज आहे आणि जगनकाका कसा गेला. तिला खाली बसायचंही सुचेना. ती उभीच राहिली, एक हात पोटावर. बाकीच्या बाया टेपाच्या उतारावर थबकल्या. वारा नव्हता. फोनमधली घरघर पुढच्या बाईलाही ऐकू येत होती.

किती वेळ गेला ते त्यांतल्या एकीलाही पुढे सांगता आलं नाही. मग घरघरीतून खोकला आला. लांब, पाणी ओकणारा खोकला. आणि तुषारचा आवाज, मुकादमाला आईबहिणीवरून शिव्या देणारा. आयुष्यात कुठल्या बायकोला नवऱ्याच्या शिव्या इतक्या गोड लागल्या नसतील. नितीन फोन उचलून धापा टाकत म्हणाला, "आये, वर घेतला त्याला. पायाचं कातडं गेलं जाळीवर, पर वर हाये."

"मी चैती. काकी हाये इथं, सांगते तिला," चैती म्हणाली, आणि मगच ती खाली बसली. तिने माफी मागितली नाही. रंगूलाही ती नको होती. तिला फक्त पाणी प्यायचं होतं, आणि डवऱ्याचं पाणी आता तिला बंद होतं.  ढगाला हाकलते म्हणून जिला धरायला आल्या होत्या, तिच्यापुढे त्या मान खाली घालून उभ्या होत्या, आणि वांगणीच्या बाया गप्प उभ्या राहिल्यात असं फार वर्षांत झालं नव्हतं.

मग चैतीने पश्चिमेकडे बघितलं. समुद्राच्या बाजूने आणखी ढग निघाले होते, एकामागे एक, सात-आठ तरी, सगळे पूर्वेला तोंड करून. खाली पाड्यात लोक अंगणात येऊन आनंदाने हाका मारत होते. चैतीच्या अंगावर काटा आला. तिने रंगूच्या हातात फोन परत दिला.

"काकी, पुन्ना लाव," ती म्हणाली. "सांग त्यांना, आज कोनीच उतरू नका."